मलावीतल्या मंडळ्यांचा अनाथ मुलांसाठीचा आधार कार्यक्रम: पैसा कुठे लागतो, कुठे गळतो

निकाल आधीच सांगून टाकू. मलावीतल्या मंडळ्या, म्हणजे गावोगावचे चर्चचे समुदाय, अनाथ मुलांसाठी जो आधार कार्यक्रम चालवतात, त्यातल्या घरभेटी आणि शाळेचा खर्च या दोन गोष्टींवर दिलेला पैसा वसूल होतो. पेजेचं केंद्र उत्तम, पण नाजूक. जरा दुर्लक्ष झालं की त्याचं पाणी होतं, अगदी शब्दशः. शेळ्या-कोंबड्या वाटायच्या योजना कागदावर गोंडस दिसतात आणि पुष्कळदा पहिल्याच वर्षी गारद होतात. आवारात मुलं ठेवणारं अनाथालय, मग ते कितीही मायेने चालवलेलं असो, आमच्या मते अगदी शेवटचा पर्याय. त्यासाठी कुणी देणगी मागत असेल तर आधी खालचं वाचा आणि मग ठरवा.

हे एकाच संस्थेचं परीक्षण नाही. प्रेस्बिटेरियन, कॅथलिक, अँग्लिकन, बाप्टिस्ट आणि गावोगावच्या छोट्या पेंटेकॉस्टल मंडळ्या, सगळ्यांचा साचा थोड्याफार फरकाने एकच असतो: आठ-दहा जणांची कमिटी, तिच्याकडे मुलांच्या नावांची वही, घरोघर जाणाऱ्या बायका, चर्चच्या मागे एक चूल, आणि बाहेरून येणारा थोडा पैसा. काम ओढतात त्या बायकाच. प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत त्यांच्या संघाला ब्लँटायर सिनडमध्ये, म्हणजे त्या विभागातल्या मंडळ्यांच्या संघटनेत, म्वानो म्हणतात, न्खोमात चिग्विरिझानो, उत्तरेला लिव्हिंग्स्टोनियात उमान्यानो. कॅथलिकांत हेच काम वस्तीतले छोटे प्रार्थनागट करतात. कार्यक्रमाचं माहितीपत्रक पाळकाच्या फोटोने सुरू होत असेल आणि त्यात या बायकांचा उल्लेखही नसेल, तर पत्रक लिहिणाऱ्याने कार्यक्रम जवळून पाहिलेला नाही असं खुशाल समजावं.

अनाथ कोणाला म्हणायचं इथूनच घोळ सुरू होतो. हिशेबात अनाथ म्हणजे अठराच्या आतलं, आई किंवा बाप किंवा दोघेही गेलेलं मूल. यातल्या बहुतेकांचं एक पालक हयात असतं. चिचेवा भाषेत 'म्वाना वामासिये' म्हणतात, आणि त्या शब्दाला विधवेचाही वास आहे. आई मागे उरलेलं घर त्यात आलंच. मध्य आणि दक्षिण मलावीत चेवा, याओ, लोम्वे समाजात वंश आईकडून चालतो. बाप गेला तरी मूल आईच्या गावातच राहतं, मामाचा शब्द चालतो, आणि आई गेली की आगोगो, म्हणजे आजी, त्याला सांभाळते. उत्तरेला तुम्बुका समाजात मूल बापाच्या घराण्याचं. तिथे बाप गेला की विधवेसमोर प्रश्न उभा राहतो: मुलांसकट इथेच राहायचं की मुलं ठेवून माहेरी जायचं? भांडी, सायकल, पत्रे, शेत दीर-जावांनी उचलून नेण्याचा प्रकार जुना आहे. २०११ च्या वारसा कायद्यानुसार तो गुन्हा आहे. पण कायदा गावात चालत येत नाही. चांगल्या कमिटीत एखादा तरी माणूस असतो जो विधवेबरोबर गावप्रमुखाकडे आणि तिथे भागलं नाही तर वरच्या पारंपरिक प्रमुखाकडे जाऊन बसतो. या कामाला पैसे लागत नाहीत. मुलाच्या डोक्यावरचं छप्पर मात्र त्यामुळे टिकतं. कोणत्याही अहवालात याचा रकाना नसतो, ही वेगळी गोष्ट.

आता वही. साऱ्या कार्यक्रमाचं दुखणं तिथे आहे. नीट चालणाऱ्या ठिकाणी नावं आधी गावप्रमुखासोबत काढतात, मग उघड सभेत वाचतात, मग दोन बायका प्रत्येक घर बघून येतात. सरकारची 'म्तुकुला पाखोमो' नावाची रोख मदत योजना आहे. ती २००६ मध्ये म्चिन्जी जिल्ह्यातून सुरू झाली आणि अत्यंत गरीब, कमावता हात नसलेल्या घरांना पैसे देते. त्या यादीशी वही ताडून बघतात, म्हणजे एकाच घरात दोन मदती आणि शेजारी उपास असं होत नाही. वर्षातून एकदा वही नव्याने उघडतात. वाईट ठिकाणी वही पाच वर्षांपूर्वी बंद झालेली असते. त्यात एकोणीस वर्षांचा, लग्न झालेला 'अनाथ' सापडतो आणि गेल्या पावसाळ्यात आई गेलेलं चार वर्षांचं पोर सापडत नाही. पाळकाचा भाचा सापडतो. रविवारी न येणाऱ्यांची मुलं सापडत नाहीत.

मंगोची किंवा माचिंगाच्या बाजूचा कार्यक्रम असेल तर एक प्रश्न पुरेसा आहे: वहीत मुसलमान मुलं किती? त्या भागात याओ मुसलमानांची वस्ती मोठी आहे. तिथल्या यादीत एकही मुस्लिम नाव नसेल तर तो मंडळीने आपल्या सभासदांसाठी चालवलेला निधी झाला. तसा चालवायला हरकत नाही, पण देणगी मागताना तसं सांगावं.

अजून एक खोड. पाहुणे आले की 'मासिये' उभे राहा म्हणून मुलांना रांगेत पुढे बोलावतात. फोटो निघतात. मुलगा तेरा वर्षांचा असेल तर पुढच्या आठवड्यात तो पेजेला येत नाही, कारण शाळेत त्याला तेच नाव पडलेलं असतं. शहाण्या कमिट्या वहीवर 'अनाथ' हा शब्दच लिहीत नाहीत. घराचं नाव लिहितात, आणि त्या घरातल्या सगळ्या मुलांना धरतात. आजीकडे लेकीची तीन आणि मुलाची दोन पोरं असतात. त्यातल्या तिघांना वह्या आणि दोघांना काही नाही, हे भांडणाला आमंत्रण. एका मुलाचं नाव, एक फोटो, एक प्रायोजक अशी जी पद्धत आहे तिची अडचण नेमकी ही. मुलाच्या नावाने आलेला पैसा घराच्या किंवा गावाच्या एकत्र खात्यात टाकणारे कार्यक्रम त्यातल्या त्यात बरे, फक्त त्यांनी प्रायोजकाला ते स्पष्ट कळवलेलं असावं. प्रायोजकाला जाणाऱ्या पत्रांवर किती माणसं किती दिवस खपतात हेही विचारून बघा. पत्र लिहून घेणं, भाषांतर, फोटो, टपाल या सगळ्यात कमिटीचा जो शनिवार जातो तो घरभेटीचा शनिवार असतो.

घरभेटींबद्दल थोडं सविस्तर, कारण हा कार्यक्रमाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कसदार भाग आहे. ही पद्धत या भागात नवी नाही. जवळच्या झिंबाब्वेत मुतारेजवळ १९९३ मध्ये 'फोकस' नावाचा कार्यक्रम याच तत्त्वावर सुरू झाला: मंडळीतल्या बायकांनी आपल्याच वाडीतल्या अनाथ मुलांच्या घरी नियमाने जायचं, काय कमी आहे ते बघायचं, आणि मोजकी मदत तिथेच पोचवायची. मलावीत आज जे दिसतं ते त्याच धर्तीचं.

एका बाईकडे पाच ते आठ घरं असावीत. दहाच्या वर गेली की भेटी फक्त वहीत होतात, कारण तिचं स्वतःचं शेत आहे, पाणी भरायचं आहे आणि सगळं पायी आहे. पंधरा दिवसांतून एक भेट पुरते. भेटीत प्रार्थना होते, होऊ द्या. पण जाणती बाई आत शिरल्या शिरल्या चार गोष्टी टिपते. दाराबाहेरच्या न्खोक्वेत, म्हणजे बांबूच्या कणगीत, मका किती उरला. पावसाआधी छपराचं गवत बदललं का. रात्री किती मुलांत किती पांघरुणं. आणि मुलाचा हेल्थ पासपोर्ट कुठे आहे. हेल्थ पासपोर्ट म्हणजे दवाखान्यात प्रत्येक वेळी न्यावी लागणारी छोटी वही, आणि ती हरवली की मुलाचा सगळा इतिहास हरवतो. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाला ती कुपोषण मोजणारी रंगीत पट्टी लावते: साडेबारा सेंटीमीटरच्या खाली पिवळं, साडेअकराच्या खाली लाल. मग दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबते. दोन्हीकडे खळगा तसाच राहिला तर सूज आहे, आणि त्या मुलाला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यायचं, पट्टी काहीही म्हणो. ही पट्टी फार स्वस्त असते आणि ती वापरायला अर्ध्या दिवसाचं शिक्षण पुरतं. तरी पुष्कळ कार्यक्रमांत बायकांच्या पिशवीत पट्टी नसते आणि टी-शर्ट मात्र छापलेले असतात.

या बायकांना पगार नसतो, आणि नसावा असं आमचंही मत आहे. पण फुकट म्हणजे काहीच नाही असं नव्हे. वर्षाला एक चितेंजे, म्हणजे कमरेला गुंडाळायचं कापड, साबण, लांबच्या वाड्यांसाठी सायकल, आणि सायकलीसोबत पंक्चरचं सामान. सायकल दिली आणि पंपाचा खर्च धरला नाही की तीन महिन्यांत ती भिंतीला टेकते. कार्यक्रम बघायला जाल तेव्हा सायकली कुठे उभ्या आहेत ते बघा. पाळकाच्या अंगणात असतील तर भेटी किती होतात हे वेगळं विचारायला नको.

पेजेकडे येऊ. मलावीत मुलांना देतात ती लिकुनी फाला; लिलाँग्वेजवळच्या लिकुनी मिशनच्या नावावरून हे नाव पडलं. फाला म्हणजे पेज. मका चार भाग, सोयाबीन एक भाग, दोन्ही एकत्र दळलेलं पीठ. मका अख्खा दळायचा, मगाइवा करायचा; पांढरं पीठ काढलं की कोंडा गिरणीतच राहतो आणि पोषणाचा चांगला वाटा त्याच्याबरोबर जातो. सोयाबीन मात्र कच्चं दळायचं नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो. मुलांची पोटं बिघडतात आणि मग गावात 'चर्चची पेज बाधते' अशी बोलवा होते. कृती सोपी आहे: दाणे निवडायचे, उकळत्या पाण्यात टाकायचे, वीस-पंचवीस मिनिटं उकळायचे, चोळून सालं काढायची, चटईवर कडक वाळवायचे, हलकं भाजायचं, आणि मग मक्यात मिसळून चिगायोत, म्हणजे गिरणीत, न्यायचं. घाईत टाळली जाते ती उकळण्याची पायरी. कारण तिला लाकूड लागतं, आणि लाकडाचं बजेट कुणी केलेलं नसतं.

हिशेब करून बघू. मुलामागे रोज १०० ग्रॅम पीठ धरलं तर साठ मुलांना रोज सहा किलो. महिन्याचे बावीस दिवस म्हणजे १३२ किलो. वर्षाला अडीचशे दिवस चूल पेटवायची तर दीड टन पीठ, म्हणजे ५० किलोची मक्याची २४ पोती आणि सोयाबीनची सहा. निवडण्यात, दळण्यात थोडी घट येते, म्हणून एखाद-दुसरं पोतं वर धरायचं. सहा किलो पिठाला तीस लिटरच्या आसपास पाणी. पीठ आधी गार पाण्यात कालवून मग आधणात ओतायचं, नाही तर गुठळ्या होतात आणि आतलं पीठ कच्चं राहतं. नंतर सतत ढवळत वीस मिनिटं तरी शिजू द्यायचं. पातेलं पन्नास लिटरचं हवं, कारण पेज वर येते आणि ढवळणाऱ्या बाईचे हात भाजतात. साखर असेल तर शेवटी, मीठ चिमूटभर.

पेज चांगली की वाईट हे चव न घेता कळतं. डाव भरून तिरका करा. पेज हळूहळू घसरत पडली तर ठीक. पाण्यासारखी ओघळली तर मुलं वाढली आहेत आणि पीठ वाढलेलं नाही. साठांच्या यादीवर नव्वद मुलं आली की कोणती आई तिसांना परत पाठवेल? ती पाणी वाढवते. तीन-चार वर्षांच्या पोराचं पोट अर्ध्या लिटरला भरतं, मग त्यात पीठ असो वा पाणी, आणि ते घरी जाऊन जेवत नाही. म्हणजे पातळ पेजेने मूल उपाशी राहतंच, वर घरी खाल्लं असतं तेही चुकतं. उपाय एकच: किती मुलं आली हे रोज फळ्यावर लिहायचं आणि महिन्याच्या शेवटी पीठ त्या आकड्यावर मागायचं, यादीतल्या आकड्यावर नाही. हात धुवायला तोटी लावलेली बादली आणि साबण हवाच. २०२२-२३ च्या कॉलऱ्यात मलावीत १,७०० हून जास्त माणसं गेली.

मका केव्हा विकत घेतला यावर सगळं ठरतं. पाऊस नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत, कापणी एप्रिल-मेमध्ये. तेव्हा भाव तळाला असतो. जानेवारी-फेब्रुवारीत कणग्या रिकाम्या होतात आणि भाव कित्येकदा दुपटीपर्यंत जातो. चाणाक्ष कमिटी मे-जूनमध्ये वर्षाचा मका घेते, दाताखाली कडक लागेपर्यंत वाळवते, आणि हवाबंद तीन थरांच्या पिशव्यांत भरून ठेवते. ओलसर भरला तर बुरशी धरते आणि त्या बुरशीचं विष शिजवूनही जात नाही. उघडा ठेवला तर भुंगे पीठ करून ठेवतात. बाहेरून दर महिन्याला सारखा हप्ता पाठवणारा देणगीदार या बाबतीत नकळत नुकसान करतो. त्याच बारा हप्त्यांतले सहा मे महिन्यात एकदम मिळाले तर तेवढ्याच पैशात कितीतरी जास्त पोती येतात. हे पटवून द्यायला कमिटीला संकोच वाटतो. तुम्ही देणार असाल तर स्वतः विचारा.

पेजेचा खरा फायदा मुलाच्या पोटापुरता नाही. जानेवारीत घरात दाणा नसला की आजी किंवा मोठी मुलगी गान्यूला जाते, म्हणजे दुसऱ्याच्या शेतात रोजाने. नेमकी तीच वेळ स्वतःच्या मक्याच्या खुरपणीची. स्वतःचं शेत तणात जातं, एप्रिलला पीक निम्मं येतं, आणि पुढच्या जानेवारीत पुन्हा गान्यू. पावसाळ्याचे ते तीन-चार महिने धाकट्यांचं एक वेळचं खाणं चर्चच्या चुलीवर निघालं तर आजी आठवड्यातले दोन-तीन दिवस तरी स्वतःच्या शेतात राहते. म्हणून पैसा कमी असेल तर बाराही महिने पातळ पेज देण्यापेक्षा डिसेंबर ते मार्च दाट पेज द्यावी. हे ऐकायला कठोर वाटतं, पण मका निघाल्यावर मे महिन्यात केंद्रावर मुलं तशीही कमी येतात.

खताचंही तसंच. एकरभर मक्याला पेरणीचं ५० किलो आणि युरियाचं ५० किलो, असं साधं गणित सरकारच्या सवलतीच्या योजनेतही आहे. मंडळीने आजीला अर्धं-अर्धं पोतं दिलं तरी फरक पडतो, पण ते ऑक्टोबरअखेर हातात हवं. युरिया उगवणीनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घालायचा असतो. तो फेब्रुवारीत पोचला तर आजी विकून मका आणते, आणि तिचं काही चुकत नाही.

शाळेच्या खर्चाबद्दल एक गैरसमज कायम असतो. प्राथमिक शिक्षण १९९४ पासून मोफत आहे, मग पैसे कशाला? गणवेश, वह्या, साबण, पावसाळ्यात चप्पल. गणवेश नाही म्हणून मूल लाजून घरी बसतं. आठवीनंतरच्या परीक्षेवर माध्यमिक शाळा मिळते, आणि खरा खर्च तिथून. शिकवणीच्या फीचं धोरण काहीही असो, वसतिगृह, गादी, बादली, पुस्तकं उरतातच. सामुदायिक दिवसशाळा पुष्कळदा दहा-पंधरा किलोमीटर लांब असतात, तेव्हा मुली शाळेजवळ खोली भाड्याने घेऊन एकट्या राहतात. मलावीत याला 'सेल्फ-बोर्डिंग' म्हणतात. धोका काय ते सांगायला नको. कार्यक्रमाने फी भरली आणि मुलगी कुठे झोपते हे विचारलं नाही, तर दोन वर्षांत ती बाळ घेऊन घरी येण्याची शक्यता चांगलीच असते. बऱ्या मंडळ्या शाळेजवळच्या आपल्याच मंडळीतलं एखादं घर शोधतात आणि तिथे महिन्याला मक्याचं पीठ पोचवतात. भाड्यापेक्षा हे स्वस्त पडतं आणि रात्री दार आतून लावणारं कोणी मोठं माणूस घरात असतं.

फी नेहमी शाळेच्या बँक खात्यात, पालकाच्या हातात नाही. पावतीची एक प्रत मुलाकडे, एक कमिटीकडे. आणि सत्र सुरू होण्याआधी. देणगीदाराचा पैसा सत्राच्या तिसऱ्या आठवड्यात आला तर तोवर मुलाला घरी पाठवलेलं असतं, आणि ते तीन आठवडे कोणी परत शिकवत नाही. आठवीपर्यंत मदत करून नववीला हात आखडणारे कार्यक्रम आम्हाला सर्वांत जास्त खटकतात. अशाने शंभर मुलांना वह्या मिळतात आणि शेवटपर्यंत कोणीच पोचत नाही. दर वर्षी नवीन मुलं घेण्याआधी जुन्यांची बारावीपर्यंतची, म्हणजे तिकडच्या फॉर्म फोरपर्यंतची, तरतूद दाखवा असं म्हणावं.

एचआयव्हीची औषधं हा भाग मंडळ्या आजही कुजबुजत हाताळतात. मलावीत २००४ पासून ही औषधं मोफत मिळतात, आणि २०११ मध्ये एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला आयुष्यभर औषध देण्याचं धोरण सर्वांत आधी मलावीनेच घेतलं. परिणाम असा की आया जगू लागल्या, तान्ही अनाथ मुलं कमी झाली. कार्यक्रम मात्र अजून तान्ह्यांच्या दुधाच्या हिशेबाने बांधलेले दिसतात. आज वहीत जास्त करून दहा ते अठराची मुलं आहेत, आणि त्यातली काही स्वतः गोळ्या घेणारी. त्यांच्यासाठी काही दवाखान्यांत शनिवारी टीन क्लब भरतात. तिथे जायचं सायकल-टॅक्सीचं भाडं देणं हा फार मोलाचा आणि अगदी छोटा खर्च. उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळतं म्हणून पोरं गोळी चुकवतात. हेही पेजेशीच जोडलेलं. पण कोणत्या मुलाला कसली गोळी चालू आहे हे वहीत लिहायचं नाही, सभेत वाचायचं तर नाहीच. काही पंथांत प्रार्थनेने बरा झालास म्हणून गोळ्या थांबवायला सांगतात. कार्यक्रम चालवणाऱ्या मंडळीची याबद्दलची भूमिका व्यासपीठावरून उघड बोलली जात नसेल तर बाकी सगळं चांगलं असूनही आम्ही गुण कापू.

शेळ्या-कोंबड्यांचं थोडक्यात. पहिली पाट शेजारच्या घराला द्यायची ही साखळीची कल्पना चांगली आहे. पण शेळीला जमिनीपासून उंच खोला, म्हणजे गोठा, नसेल तर ती पावसाळ्यात आजारते किंवा चोरीला जाते. कोंबड्यांना चितोपा, म्हणजे मानमोडी, ऑगस्ट ते नोव्हेंबरच्या उष्ण दिवसांत झोडपते. डोळ्यात थेंब टाकायची लस दर तीन-चार महिन्यांनी दिली नाही तर अख्खा थवा आठवड्यात संपतो. लसीची सोय आधी, पक्षी नंतर. त्यापेक्षा आज्यांना 'बँक म्खोंडे'त, म्हणजे व्हरांड्यातल्या बचतगटात, बसवणं बरं. तीन कुलपांची पेटी, तीन बायकांकडे तीन किल्ल्या. फक्त वर्षअखेरची वाटणी ख्रिसमसला खर्चून टाकण्याऐवजी खतासाठी ऑक्टोबरमध्ये ठेवायची हे गटाने आधी ठरवलेलं असावं.

अनाथालयाबद्दल इतका आखडता सूर का? कारण दोन. एक, खर्च. टांझानियाच्या कागेरा भागात केलेल्या जुन्या हिशेबात एका मुलाचा अनाथालयातला वर्षाचा खर्च १,००० डॉलरच्या वर गेला होता. कुटुंबात ठेवून मदत करण्याच्या जवळजवळ सहा पट. दोन, तिथल्या पुष्कळ मुलांना घर असतं. २००६ मध्ये मॅडोनाने म्चिन्जीतल्या अनाथालयातून मूल घेतलं तेव्हा जगाला कळलं की त्याचे वडील हयात आहेत. इमारत उभी राहिली की ती भरावी लागते, आणि गरीब आजी पोराला तीन वेळचं जेवण मिळेल म्हणून स्वतः आणून सोडते. तेच जेवण घरी पोचलं असतं तर सोडलं नसतं. आई बाळंतपणात गेलेल्या तान्ह्यासाठी काही महिन्यांची सोय, मग दूध सुटलं की परत घरी, एवढ्यापुरतं अनाथालय आम्हाला मान्य आहे. मूल परत गेल्याच्या नोंदी दाखवता येत नसतील तर ती सोय तात्पुरती नाही.

शेवटी पैशाच्या वाटेबद्दल. नोव्हेंबर २०२३ मध्ये क्वाचाचं, म्हणजे मलावीच्या चलनाचं, ४४ टक्के अवमूल्यन झालं, डॉलरचा अधिकृत भाव १,७०० क्वाचावर गेला. ज्या कमिट्यांनी वर्षाचा पैसा क्वाचात धरून ठेवला होता त्यांचा पुढच्या हंगामाचा मका आणि खत तेवढ्यात बसलं नाही. त्यातच २०२४ च्या मार्चमध्ये दुष्काळामुळे २८ पैकी २३ जिल्ह्यांत आपत्ती जाहीर झाली. पैसा धान्याच्या रूपात कोठारात असलेल्यांना ही झळ कमी लागते. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकी मदत थांबली तेव्हाही हेच: पगारी माणसांवर चालणाऱ्या योजनांना टाळं लागण्याचा धोका, आणि आपल्याच वाडीत पायी जाणाऱ्या बायकांना त्याने फारसा फरक नाही. रविवारच्या अर्पणातला काही हिस्सा, अगदी थोडका का होईना, कार्यक्रमात जातो का हे म्हणूनच विचारायचं. जात असेल तर बाहेरचा पैसा थांबल्यावरही भेटी चालू राहतात.

देणगी देण्याआधी तीन कागद मागा: वही शेवटची कधी उघडली ती तारीख, गेल्या सत्राच्या फीच्या बँक पावत्या, आणि मक्याच्या खरेदीचं बिल. तिसऱ्या कागदावरची रक्कम नंतर बघा, आधी महिना बघा. मे किंवा जून असेल तर बाकीचे दोन कागद बहुधा ठीक निघतील. फेब्रुवारी असेल तर कमिटीशी बसून बोला, आणि पुढचा हप्ता एप्रिलच्या शेवटी एकदम पाठवायची तयारी दाखवा.